संख्या आणि संज्ञा : मोरा बंदरावरून रायगड जिल्ह्याच्या आकडेवारीचे परीक्षण

१. परीक्षणाचा विषय

एखादा जिल्हा समजून घ्यावयाचा तर त्यातील लोकसंख्या, घरे आणि अर्थव्यवहार यांचे आकडे आधी पाहावेत, हा सल्ला आता सर्वमान्य झाला आहे. बोलींचे सर्वेक्षण करणारा अभ्यासकही गावे निवडताना प्रथम जिल्हा जनगणना पुस्तिकाच उघडतो. त्यामुळे या पुस्तिकेतील माहिती कोणत्या अर्थाने घ्यावी, हा प्रश्न केवळ सांख्यिकांचा राहत नाही. आकडा हा नेहमी कोणत्या तरी शब्दाखाली छापलेला असतो. 'गाव', 'नगर', 'घर', 'कुटुंब', 'कामगार' हे ते शब्द होत. हे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातलेच असल्यामुळे त्यांचा अर्थ आपल्याला ठाऊकच आहे, असे वाचक गृहीत धरतो. कोष्टकातील अर्थ मात्र व्याख्येने बांधलेला असतो आणि ती व्याख्या दर दहा वर्षांनी बदलू शकते. अशा वेळी बेरीज बिनचूक असूनही वाचकाचा समज चुकीचा होतो.

प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याविषयीच्या आकडेवारीचे या दृष्टीने परीक्षण करावयाचे आहे. त्यासाठी मुख्यतः चार साधने समोर ठेवली आहेत : १९५१ पासून दर जनगणनेबरोबर निघणारी जिल्हा जनगणना पुस्तिका, विशेषतः तिची २०११ ची आवृत्ती, जुने व नवे गॅझेटिअर, अर्थ व सांख्यिकी संचालनालयाचे 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन', आणि केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने केलेली मच्छीमारांची गणना. ही साधने पाहण्याचे ठिकाण म्हणून उरण तालुक्यातील मोरा बंदर निवडले आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच जेथे लागते ते हे बंदर. येथे कोळीवाडा आहे, प्रवाशांची ये-जा आहे, आसपास मिठागरांचा जुना प्रदेश आहे आणि थोड्याच अंतरावर न्हावा-शेवा येथील मोठे बंदर व तेल-वायूचे उद्योग आहेत. जिल्ह्यातील जवळजवळ प्रत्येक व्यवसाय येथे लहान प्रमाणात आढळतो. आणि तरीही जिल्ह्याच्या कोष्टकांत मोऱ्याला स्वतःची अशी ओळ नाही. हा विरोधच परीक्षणाचा प्रारंभबिंदू मानता येईल.

२. जिल्हा : नाव आणि सीमा

प्रथम जिल्ह्याच्या नावाकडेच पाहू. १८६९ साली स्वतंत्र झालेल्या कुलाबा जिल्ह्याचे नाव १९८१ साली रायगड झाले. २०११ च्या जनगणनेच्या इंग्रजी प्रकाशनांत मात्र हे नाव 'रायगढ' असे वाचले जाईल अशा रीतीने लिहिलेले आहे. छत्तीसगडमध्येही याच वर्णांनी लिहिला जाणारा एक जिल्हा आहे. मराठी 'ड' आणि हिंदी 'ढ' यांच्यातील हा भेद लिपिकाला क्षुल्लक वाटेल; पण ज्याला देशभरच्या जिल्ह्यांची यादी यंत्राने जुळवावयाची आहे त्याच्या हातून कोकणची माणसे महानदीच्या खोऱ्यात जाण्याचा संभव यातूनच निर्माण होतो.

नावापेक्षा सीमेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. पनवेल, उरण आणि करंजा हा सर्व भाग १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. कर्जत तर १८९१ पर्यंत ठाण्यातच होते. त्यामुळे १८८१ च्या शिरगणतीत मोरा-उरणचा शोध घेणाऱ्याने कुलाब्याचा खंड उघडून उपयोग नाही. त्याला १८८२ साली निघालेल्या ठाणे गॅझेटिअरकडेच जावे लागते. उलट, कुलाबा जिल्ह्याचे १८८१ आणि १८९१ चे आकडे शेजारी ठेवून कोणी लोकसंख्यावाढीचे प्रमाण काढू लागला, तर त्या वाढीत केवळ सरकारी आदेशाने आत आलेली माणसेही मोजली जातील. ग्रंथाच्या दोन पोथ्यांची तुलना करण्यापूर्वी एकीत जास्तीची पाने बांधली गेली आहेत काय, हे पाठचिकित्सक पाहतो. जिल्ह्याच्या दोन गणनांबाबतही हीच खबरदारी घेणे प्राप्त आहे.

आज सीमेचा गुंता निराळ्या प्रकारचा आहे. महसुलाच्या दृष्टीने मोरा रायगड जिल्ह्यात आहे. पोलिसांच्या दृष्टीने ते नवी मुंबई आयुक्तालयात आहे. मोरा सागरी पोलीस ठाणे त्याच आयुक्तालयाचे. लोकसभेसाठी उरण हा मावळ मतदारसंघाचा भाग आहे आणि त्या मतदारसंघाचे सहांपैकी तीन विधानसभा विभाग पुणे जिल्ह्यात मोडतात. उरणचा टपाल क्रमांक मुंबईच्या मालिकेतला. धक्का आणि प्रवासी जलवाहतूक महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. म्हणजे गुन्हे, मतदार, टपाल, जलप्रवासी आणि लोकसंख्या यांचे आकडे पाच निरनिराळ्या समूहांत जमा होतात. 'रायगड जिल्ह्यातील गुन्ह्यांचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे' असे एखादे वाक्य वाचताना अंश आणि छेद हे एकाच भूभागाचे आहेत काय, हे प्रथम तपासले पाहिजे.

३. सरासरीचा जिल्हा

२००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या २२,०७,९२९ होती; २०११ साली ती २६,३४,२०० झाली. वाढ सुमारे १९ टक्के. या एका आकड्यावरून 'रायगड हा मध्यम गतीने वाढणारा जिल्हा आहे' असे विधान सहज केले जाते. परंतु २०११ साली एकट्या पनवेल तालुक्यात ७,५०,२३६ माणसे होती. म्हणजे पंधरा तालुक्यांच्या जिल्ह्यातील शंभरांपैकी सुमारे अठ्ठावीस माणसे एका तालुक्यात. त्याच दशकात दक्षिणेकडील काही डोंगराळ तालुक्यांची लोकसंख्या घटली. उत्तरेस मुंबईची वस्ती खाडी ओलांडून येत होती आणि दक्षिणेस मुंबईकडे जाणाऱ्यांमुळे घरे रिकामी होत होती. एकोणीस टक्क्यांची मध्यम गती या दोहोंपैकी कोणत्याच प्रदेशाची नव्हे.

स्त्री-पुरुष प्रमाणाबाबतही असेच घडते. २०११ साली रायगड जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ९५९ स्त्रिया होत्या. दक्षिणेकडील रत्नागिरी जिल्ह्यात हे प्रमाण १,१२२ आणि मुंबई शहर जिल्ह्यात ८३२ होते. पुरुष कामासाठी बाहेर गेलेला प्रदेश आणि पुरुष कामासाठी जेथे आले तो प्रदेश, अशी ही दोन टोके. रायगडात दोन्ही प्रकारचे तालुके असल्यामुळे त्यांची सरासरी समतोल दिसते. या समतोलाच्या मागे पोलादपूरच्या वाडीतील एकटी राहिलेली स्त्री आणि उरणच्या गोदामाजवळ खोली करून राहिलेले परप्रांतीय कामगार असे दोन स्वतंत्र इतिहास आहेत.

जिल्हा हा आकडेवारीचा सोयीचा घटक आहे हे खरे. कारण बहुतेक खात्यांची कोष्टके तेथे एकत्र येतात. अभ्यासाचा घटक म्हणून मात्र तो तालुक्यांत, आणि तालुका गावांत उलगडून पाहावा लागतो. आता गावाकडे वळू.

४. कोष्टकात नसलेली गावे

जनगणनेचे 'गाव' म्हणजे महसुली गाव. ज्याचा स्वतंत्र नकाशा आणि जमिनीचे दप्तर आहे तेच गाव, मग तेथे एकही माणूस राहत नसला तरी. उलट, हजारो माणसांची वस्ती असूनही ती दुसऱ्या गावाच्या नकाशात मोडत असेल, तर तिला कोष्टकात नाव मिळत नाही. शेतकरी प्रदेशात गाव आणि वस्ती बहुधा एकमेकांशी जुळतात. किनाऱ्यावर ती तशी जुळत नाहीत; कारण कोळ्याची वस्ती जमिनीच्या दप्तराभोवती वाढत नाही, ती नावा लावण्याच्या जागेभोवती वाढते.

करंजा हे याचे उत्तम उदाहरण होय. मासळीच्या व्यवहारात करंज्याचे नाव सर्व किनारपट्टीवर ठाऊक आहे. पण गणनेत त्याचे पाडे चाणजे या नावाखाली मोजले जातात. चाणजे हे नाव शिलाहारकालीन शिलालेखांमुळे इतिहासाच्या अभ्यासकांच्या परिचयाचे आहे. परंतु करंज्याच्या बंदराची माहिती शोधणारा नवखा वाचक ते नाव कशासाठी उघडील? मोऱ्याची स्थिती थोडी निराळी आहे. ते उरण नगरपरिषदेच्या हद्दीत मोडते. उरण नगराची लोकसंख्या २००१ मध्ये २३,२५१ आणि २०११ मध्ये ३०,४३९ होती. या आकड्यांत मोऱ्याची माणसे आहेत, परंतु ती प्रभागांच्या क्रमांकांत विभागलेली आहेत. प्रभागांच्या सीमा निवडणुकीच्या सोयीने बदलतात. त्यामुळे एका गणनेतील प्रभागाची दुसऱ्या गणनेतील त्याच क्रमांकाच्या प्रभागाशी तुलना करता येत नाही आणि मोऱ्याची लोकसंख्या वाढली की घटली, या साध्या प्रश्नाला छापील पुस्तिकेतून उत्तर मिळत नाही.

याच्या उलट टोकाचे उदाहरण पनवेल तालुक्यात सापडते. २०११ च्या गणनेत तेथे 'नवी मुंबई पनवेल रायगड' या नावाचे एक जनगणना-नगर असून त्याची लोकसंख्या १,९५,३७३ दाखविली आहे. या नावाचे गाव कोणाच्याही बोलण्यात नाही. सिडकोने वसविलेल्या वसाहतींना तेव्हा स्वतःची नगरपालिका नव्हती. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. तोपर्यंत त्या वस्तीला काही तरी म्हणणे भाग होते म्हणून प्रकल्प, तालुका आणि जिल्हा यांची नावे एकापुढे एक ठेवून हे नाव तयार झाले. एकीकडे लोकांच्या तोंडी असलेल्या नावाला कोष्टकात जागा नाही आणि दुसरीकडे कोष्टकातील नावाला लोकांच्या तोंडी स्थान नाही.

नावाबरोबर क्षेत्रही पाहावे. गावाचे क्षेत्र म्हणजे त्याच्या जमिनीचे क्षेत्र. लोकसंख्येची घनता त्यावरून काढली जाते. ज्या पाण्यात कोळी डोल लावतो, भरती-ओहोटीच्या ज्या पट्ट्यात स्त्रिया शिंपल्या, कालवे गोळा करतात, तो प्रदेश या क्षेत्रात येत नाही. शेतकऱ्याचे शेत त्याच्या गावाच्या क्षेत्रात मोजले जाते, कोळ्याचे पाणी मोजले जात नाही. कोळीवाड्याची घनता म्हणूनच भयावह दिसते आणि त्याची उपजीविका मात्र भूमिवापराच्या कोष्टकात कोठेच आढळत नाही.

५. कामाचे प्रकार

व्यवसायांच्या वर्गीकरणात हा दोष अधिक ठळक होतो. १९६१ च्या गणनेत कामगारांचे नऊ वर्ग होते. मासेमारी ही तिसऱ्या वर्गात खाणकाम, पशुपालन, जंगलकाम, मळे व बागा यांच्या सोबत ठेवलेली होती. ही सोबत विचित्र असली तरी निदान कोळ्याला क्लार्कापासून वेगळे काढता येत होते. २००१ पासून प्राथमिक गोषवाऱ्यात चारच वर्ग उरले : शेतकरी, शेतमजूर, घरगुती उद्योगातील कामगार आणि 'इतर कामगार'. गावाच्या पातळीवर वाचकाच्या हाती येतो तो हाच गोषवारा. डोलकर, लाँचवरील तांडेल, मिठागरातील मजूर, बंदरावरील क्रेनचालक, शिक्षक आणि दुकानदार हे सर्व आता 'इतर' झाले. मोऱ्यासारख्या ठिकाणी जवळजवळ संपूर्ण गावच 'इतर' ठरते. शेतीच्या कल्पनेवर उभारलेल्या वर्गीकरणात समुद्रावर जगणारा माणूस नकाराने ओळखला जातो : तो शेतकरी नाही, शेतमजूर नाही, इतकेच त्याच्याविषयी कळते.

नगराच्या व्याख्येतही मासेमारीने असाच प्रवास केला आहे. लोकसंख्या किमान ५,०००, घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के बिगरशेती व्यवसायांत, या तीन कसोट्यांवर एखादे गाव जनगणना-नगर ठरते. १९६१ आणि १९७१ च्या गणनांत या कसोटीपुरती मासेमारी बिगरशेती मानली गेली होती. १९८१ आणि १९९१ मध्ये ती शेतीच्या बाजूस धरण्यात आली. कोळी तोच, जाळे तेच, समुद्रही तोच; परंतु किनाऱ्यावरील एखादे गाव केवळ या बदलामुळे नागरीच्या यादीतून ग्रामीणच्या यादीत जाऊ शकते. अशा गावांच्या आधारे जिल्ह्याच्या नागरीकरणाचा आलेख काढणाऱ्याने व्याख्येतील हा सांधा प्रथम पाहिला पाहिजे.

स्त्रियांच्या कामाविषयी तर अधिक सावधगिरी हवी. १९६१ ची व्याख्या उदार होती. हंगामाच्या बहुतेक काळात रोज थोडा वेळ नियमित काम करणारी व्यक्तीही कामगार ठरत असे. १९७१ मध्ये 'मुख्य व्यवसाय कोणता' असा प्रश्न आला आणि घरकाम हाच मुख्य व्यवसाय सांगणाऱ्या असंख्य स्त्रिया कामगारांच्या यादीतून गळाल्या. १९८१ पासून वर्षातून सहा महिने किंवा अधिक काम करणारे 'मुख्य' आणि त्याहून कमी काम करणारे 'सीमान्तिक' असा भेद रूढ झाला. कोळीण मासळी निवडते, सुकविते, खारविते आणि पाटी घेऊन बाजारात जाते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारीला बंदी असते. तरी सुकी मासळी विकण्याचे तिचे काम त्या दोन महिन्यांतही थांबत नाही. पण घरातील पुरुषाला 'ती काय करते?' असे विचारले तर 'घरीच असते' हे उत्तर येण्याचा संभव फार. प्रगणकांच्या सूचनापत्रात अशा बिनमोबदला आणि घराशी निगडित कामाची चौकशी करण्यास सांगितलेले आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु सूचना आणि उत्तर यांच्यामध्ये 'काम' हा मराठी शब्द उभा आहे, आणि त्याचा घरोघरचा अर्थ 'पगाराचे काम' असा संकोचत चालला आहे.

येथे केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या गणनेचे महत्त्व ध्यानात येते. तिने २०१० साली महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ४५६ मच्छीमार गावे आणि १५२ मासळी उतरविण्याची केंद्रे नोंदली. येथे 'गाव' याचा अर्थ मच्छीमारांची वस्ती असा आहे, महसुली गाव असा नाही. कुटुंबे, नावा, जाळी, स्त्रियांचे कामाचे प्रकार यांची तीत स्वतंत्र चौकशी आहे. म्हणून कोळीवाडा समजण्यास ती जनगणनेहून अधिक उपयोगी ठरते. तिची मर्यादा इतकीच की मच्छीमारांखेरीज इतरांकडे ती पाहत नाही. मोऱ्यास दोन्ही लागतात. आणि दोहोंतील 'गाव' हा शब्द एक असून वस्तू निराळ्या असल्यामुळे त्यांचे आकडे सरळ एकमेकांशेजारी मांडता येत नाहीत.

६. घर

मराठीत गणनेसाठी तीन शब्द होऊन गेले : खानेसुमारी, शिरगणती आणि जनगणना. पहिल्यात घरे मोजली जातात, दुसऱ्यात डोकी आणि तिसऱ्यात लोक. आजच्या गणनेतही घरयादीचा टप्पा आधी येतो, म्हणजे खानेसुमारी अद्याप संपलेली नाही. परंतु जनगणनेचे 'घर' म्हणजे रस्त्यावरून, सामाईक अंगणातून किंवा जिन्यावरून स्वतंत्र प्रवेश असलेला इमारतीचा भाग. आणि 'कुटुंब' म्हणजे एका स्वयंपाकात जेवणारी माणसे. ही दुसरी व्याख्या आपल्या 'चूल' या शब्दाशी चांगली जुळते. भाऊ वेगळे झाले की चुली वाढतात, कुटुंबांची संख्या वाढते. बाहेरून एकही माणूस आलेला नसतो. उरणमधील जुन्या घरांत असे विभाजन मजल्यावर मजला चढवून होते. कुटुंबसंख्येतील सर्व वाढ स्थलांतराच्या खाती घालणे म्हणूनच चूक होय.

घर 'स्वतःचे', 'भाड्याचे' की 'अन्य', असाही एक रकाना असतो. त्याखालची जमीन कोणाची, हे तो विचारीत नाही. या प्रदेशात मात्र तोच प्रश्न निर्णायक आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादनात आल्या. मोबदल्यासाठीच्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार होऊन पाच जण मृत्युमुखी पडले; विकसित जमिनीचा साडेबारा टक्के हिस्सा परत देण्याचे धोरण या संघर्षातून आले. शेते गेली तरी माणसे वाढत राहिली आणि गावठाणाच्या रेषेबाहेर घरे उभी राहिली. शासकीय व्यवहारात त्यांना 'गरजेपोटी बांधलेली घरे' असे म्हणतात. हा शब्दप्रयोग लक्षणीय आहे. त्यात बेकायदेशीरपणाची नोंदही आहे आणि त्याचे कारणही आहे. जनगणनेच्या कोष्टकात हेच घर 'स्वतःचे, पक्के, स्थिती चांगली' असे नोंदले जाईल. सिडकोच्या नकाशावर ते अतिक्रमण असेल. दोन्ही नोंदी आपापल्या व्याख्येनुसार बरोबर असतात. मात्र केवळ पहिली वाचून या भागातील घरांची स्थिती सुरक्षित आहे असा निष्कर्ष काढणारा संशोधक फसेल.

मोऱ्याजवळचा हनुमान कोळीवाडा हे आणखी बोलके उदाहरण होय. न्हावा-शेवा बंदरासाठी शेवा येथील कोळी वस्ती उठविली गेली आणि तिचे पुनर्वसन या नावाने झाले. पुढे तेथील घरांना वाळवीने ग्रासले आणि पुनर्वसनाचा वाद अनेक दशके चालू राहिला. घराची स्थिती 'चांगली', 'राहण्यायोग्य' की 'मोडकळीस आलेली', हे पुस्तिकेतून कळू शकते. ते तसे का झाले आणि ती माणसे तेथे कोठून आली, हे सांगण्याची सोय तीत नाही. अर्थात सर्व काही पुस्तिकेनेच सांगावे अशी अपेक्षा नाही. पण पुस्तिकेत प्रत्येक तालुक्यास जोडलेल्या टिपणांत उठलेल्या व नव्याने वसलेल्या वस्त्यांची यादी देणे कठीण नव्हते.

७. उत्पन्न कोणाचे?

'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' हे मराठीतून निघते ही त्याची मोठी जमेची बाजू. त्याची रचना शिस्तबद्ध आहे आणि तालुकावार कोष्टके अभ्यासकास फार उपयोगी पडतात. परंतु जिल्ह्याच्या उत्पन्नाविषयीचा भाग वाचताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. जिल्हा उत्पन्न हे जेथे निर्माण झाले तेथे मोजले जाते. ते ज्याच्या हाती पडले त्याच्या पत्त्यावर मोजले जात नाही. १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर, उरणचा तेल-वायू प्रकल्प, वायूवर चालणारे वीजकेंद्र, रसायनांचे कारखाने यांनी निर्माण केलेले मूल्य रायगडच्या खाती जमा होते. भागधारक, अधिकारी आणि मुख्य कार्यालये बहुधा अन्यत्र असतात. एकूण उत्पन्नास लोकसंख्येने भागून आलेल्या 'दरडोई उत्पन्ना'च्या यादीत रायगड वरच्या जिल्ह्यांत बसतो. पण 'दरडोई' या शब्दातील 'डोई' मोऱ्याच्या डोलकराची समजणे हा व्याकरणाचाच गैरसमज होय.

संज्ञेचा हा प्रश्न किती प्रत्यक्ष आहे, हे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २७ फेब्रुवारी २०१५ च्या निर्णयावरून दिसते. बंदराच्या विस्तारामुळे मासेमारीची हानी झाली म्हणून उरण, हनुमान, गव्हाण आणि बेलपाडा या चार कोळीवाड्यांतील १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपयांची भरपाई द्यावी, असा आदेश न्यायाधिकरणाने दिला. दर कुटुंबास ५,८४,००० रुपये, असा तो हिशेब होता. त्या आदेशाचे पुढे काय झाले हा निराळा विषय आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की सर्व रक्कम 'बाधित मच्छीमार कुटुंब' या एका संज्ञेवर उभी होती. ज्या जनगणनेत कोळी 'इतर' आहे आणि कोळीवाड्याला नाव नाही, तिच्या पुस्तिकेतून ही १,६३० कुटुंबे कशी मोजून काढावीत? चुली कधी वेगळ्या झाल्या, मुलगा बंदरात नोकरीला लागला तर ते कुटुंब मच्छीमार राहिले काय, विधवा कोळीण केवळ विक्री करीत असेल तर ती बाधित ठरते काय, या प्रत्येक प्रश्नामागे लाखो रुपये आणि एका घराचे भवितव्य होते.

८. मातृभाषेचा रकाना

भाषाभ्यासकाला अधिक जवळचा असा मातृभाषेचा रकानाही याच न्यायाने वाचावा लागतो. भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात ग्रिअर्सनने आगरी, कोळी या बोलींची स्वतंत्र दखल घेतली होती. १९६१ च्या जनगणनेने लोकांनी सांगितलेली १,६५२ मातृभाषांची नावे नोंदली. १९७१ पासून दहा हजारांहून कमी भाषक असलेली नावे वेगळी छापणे बंद झाले आणि बोलींची पुष्कळ नावे मोठ्या भाषेच्या पोटात गेली. शिवाय आगरी घरात आगरी बोलणारा माणूस प्रगणकाला बहुधा 'मराठी' असेच सांगतो, आणि ते खोटेही नाही. तेव्हा उरण तालुक्यातील मराठी भाषकांचा आकडा हा भाषानिष्ठेचा आकडा म्हणून प्रमाण मानावा. बोलीच्या अस्तित्वाचा किंवा नाशाचा पुरावा म्हणून तो मानू नये. डॉ. अ. मा. घाटगे यांनी याच जिल्ह्यातील महाडच्या कुणबी बोलीचे वर्णन केले ते गावात बसून, भाषक ऐकून. मोऱ्याच्या बोलीसाठीही दुसरा मार्ग नाही.

९. आपली परंपरा आणि पुढील गणना

गाव आकड्यांनी आणि शब्दांनी एकाच वेळी पाहण्याची परंपरा मराठीत नाही असे नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ सालचा. नारायण गोविंद चापेकर यांचे बदलापूरविषयीचे पुस्तक १९३३ सालचे. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली गोखले संस्थेने वाई तालुक्याच्या व पुणे शहराच्या पाहण्या केल्या. यांत चापेकरांची पद्धत आपल्या विषयाला सर्वांत जवळची आहे. स्वतःच्या गावातील कुळे, व्यवसाय, चालीरीती आणि शब्द यांची त्यांनी एकत्र नोंद केली. गावाने ज्या नावाने एखादी गोष्ट ओळखली त्या नावाखालीच ती आली. अशा पाहणीचा आकडा शेजारच्या गावाशी तुलना करण्यास अवघड, हा तिचा दोष. जनगणनेचा आकडा तुलनेस सोपा, पण स्थानिक अर्थापासून तुटलेला. एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढावयाची आहे.

या सर्व चर्चेला आज तातडीचे कारण आहे. २०२१ ची गणना झाली नाही. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने नव्या गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरविण्यात आली. तोवर २०११ चे आकडे सोळा वर्षांचे होतात. या काळात १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा सागरी सेतू आणि उरणपर्यंतची रेल्वे सुरू झाली. मोऱ्याच्या लाँचला प्रथमच समर्थ प्रतिस्पर्धी लाभले. तेव्हा २०११ च्या आकड्यांवरून आजच्या उरणविषयी काही सांगणे हे जुन्या भरतीच्या खुणेवरून आजचे पाणी मोजण्यासारखे आहे. शिवाय नव्या गणनेत जातींचीही नोंद व्हावयाची आहे. 'कोळी' या एका शब्दाखाली किनाऱ्यावरील सोनकोळी येतात तसेच अनुसूचित जमातींत गणले जाणारे महादेव कोळी व मल्हार कोळीही येतात. विशेषण गळाले किंवा चुकीचे जोडले गेले, तर त्याचे परिणाम केवळ कोष्टकापुरते राहणार नाहीत.

म्हणून पुढील जिल्हा पुस्तिकेसाठी चार सूचना कराव्याशा वाटतात. पहिली, प्रत्येक तालुक्यास स्थानिक नावांची सूची जोडावी. मोरा, करंजा यांसारखी वस्ती कोणत्या गावात किंवा प्रभागात मोजली गेली हे तीत सांगावे. दुसरी, किनाऱ्यावरील तालुक्यांसाठी मासेमारी व मिठागरे यांचे कामगार गावाच्या पातळीवर वेगळे दाखवावेत. तिसरी, मागील गणनेनंतर व्याख्या आणि सीमा यांत झालेले बदल कोष्टकाच्या आधी द्यावेत. ते परिशिष्टात दडवू नयेत. चौथी, प्रगणकाने प्रश्न ज्या मराठी शब्दांत विचारले ते शब्द पुस्तिकेत छापावेत. यांपैकी शेवटची सूचना सर्वांत कमी खर्चाची आहे. ती अमलात आली तर उत्तरे कोणत्या अर्थाने दिली गेली हे पुढील अभ्यासकास ठरविता येईल, आणि उरणच्या आकड्यांत मोरा शोधणाऱ्याला निदान कोठून आरंभ करावा हे समजेल.